घरात वकील नसेल तर लॉ कॉलेजात काय बघायचं

बारावीचे निकाल लागले की इंदूरच्या मराठी घरांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. राजेंद्रनगर असो, सुदामानगर असो नाहीतर लोकमान्यनगर, मुलीला किंवा मुलाला लॉ करायचं असतं आणि आईवडिलांना कॉलेज निवडायचं असतं. मग फी किती, इमारत कशी, होस्टेल आहे का, निकाल किती टक्के लागतो, अशी चौकशी सुरू होते. ही चौकशी करायलाच हवी, पण वकिलीच्या शिक्षणात ती पुरत नाही. इथे कोण शिकवतं, इथून बाहेर पडलेली मुलं आज कुठे काम करतात आणि त्यांचं कॉलेजात अजून येणं-जाणं आहे का, हे आधी विचारायला हवं.

असं का, ते कळायला वकिलीतला एक नियम माहीत असावा लागतो. आपल्या देशात वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणारी देशपातळीवरची संस्था, तिच्या नियमांमधला 36 वा नियम सांगतो की वकिलाने जाहिरात देऊन, दलाल लावून किंवा स्वतः लोकांकडे जाऊन काम मागायचं नाही. दारावरची पाटीसुद्धा माफक आकाराची हवी. 2008 मध्ये थोडी सूट मिळाली, पण वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढंच देता येतं. नियम मला योग्य वाटतो. न्याय मागायला आलेल्या माणसाला गिऱ्हाईक समजणं वाईटच. पण त्याचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही: वकिलाकडे काम येतं ते ओळखीतून. एका वकिलाने दुसऱ्याचं नाव सुचवलं, जुन्या पक्षकाराने शेजाऱ्याला सांगितलं, सीनियरने एखादी छोटी केस सोपवली, या वाटांनीच ते येतं.

ज्याच्या घरात दोन पिढ्या वकिली आहे, त्याला पहिल्याच दिवशी टेबल मिळतं, मुन्शी मिळतो, जुन्या फायली मिळतात, आणि 'अमक्यांचा मुलगा' म्हणून बारमध्ये, म्हणजे वकिलांच्या वर्तुळात, चारजण ओळखतात. ज्याचे वडील बँकेत होते आणि आई शाळेत शिकवत होती, त्याने ही माणसं आणायची कुठून? त्याच्यासाठी ती जागा कॉलेज आहे. म्हणून लॉ कॉलेजातले शिक्षक, सीनियर आणि माजी विद्यार्थी यांच्याकडे मी शिक्षणाचा अर्धा भाग म्हणूनच बघतो.

इंदूरच्या शेजारी महूला जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण इथे आठवतं. वडील सैन्यात सुभेदार, घरात वकील कोणी नाही. कोलंबिया आणि लंडनचं शिक्षण, बॅरिस्टरची पदवी, एवढं सगळं घेऊन त्यांनी 1923 मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, पैसे नव्हते, ते त्यांचे मित्र नवल भथेना यांनी दिले. हायकोर्टात काम यायचं सॉलिसिटरांकडून, म्हणजे पक्षकार आणि बॅरिस्टर यांच्यामधल्या वकिलांकडून, आणि अस्पृश्यतेमुळे सॉलिसिटर त्यांना काम द्यायला तयार नव्हते. विद्वत्तेची कमी नव्हती. काम सोपवणाऱ्या माणसांचं दार बंद होतं. घर चालवायला त्यांनी अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवला. पुढे 1935 मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आज सनदेची फी परवडणारी आहे, पण हे दार पहिल्या पिढीच्या अनेक मुलांसाठी अजून जड आहे, आणि जातीमुळे ते आणखी जड होतं हे मान्य करायला हवं.

शिकवणारे दोन प्रकारचे

लॉ कॉलेजातल्या शिक्षकांबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. पूर्णवेळ पगारी प्राध्यापक कोर्टात वकिली करू शकत नाही. नोकरी घेतली की सनद स्थगित ठेवावी लागते. उलट, वकिली करणाऱ्याला शिकवता येतं, पण 1979 च्या नियमांनुसार दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही. म्हणजे ज्यांच्याकडे वाचायला, संशोधनाला आणि विद्यार्थ्यांसाठी दिवसभर वेळ आहे, ते कोर्टात उभे राहत नाहीत. आणि जे रोज उभे राहतात त्यांच्याकडे वेळ नाही. दोघांकडेही अर्धी-अर्धी विद्या आहे. चांगलं कॉलेज तेच, जिथे हे दोघं एकमेकांशी बोलतात. अनेक ठिकाणी ते स्टाफरूममध्ये नमस्कारापलीकडे जात नाहीत, आणि त्याचं नुकसान थेट मुलांचं होतं.

दोघं एकत्र आले तर वर्गात काय होतं, हे एका खटल्यावरून दाखवतो. खटला आपल्याच शहरातला आहे. मुस्लिम घटस्फोटितेच्या पोटगीच्या शाहबानो प्रकरणाचं नाव देशभर माहीत आहे, पण तो अर्ज इंदूरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात दाखल झाला होता, ही गोष्ट इथल्या मुलांनाही वर्गात आल्यावरच कळते.

पहिल्या वर्षाच्या वर्गात हा निकाल काढला की मुलं लगेच राजकारणावर जातात. जाणत्या प्राध्यापिका त्यांना थांबवतात आणि साधे प्रश्न विचारतात. लग्न कधी झालं? 1932. घराबाहेर कधी काढलं? 1975. अर्ज कधी आणि कोणत्या कलमाखाली? एप्रिल 1978, फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, महिना 500 रुपये पोटगीची मागणी. त्या वेळी कायद्यात कमाल मर्यादाच 500 ची होती. ती 2001 मध्ये निघाली. नवरा कोण? इंदूरचाच वकील, वर्षाला साठ हजारांच्या आसपास कमाई असल्याचा बायकोचा दावा. नोव्हेंबर 1978 मध्ये त्याने तलाक दिला आणि आता माझी जबाबदारी संपली असं म्हणणं मांडलं. ऑगस्ट 1979 मध्ये मॅजिस्ट्रेटने किती दिले? महिना 25 रुपये. उच्च न्यायालयाने 1980 मध्ये ते वाढवून केले 179 रुपये 20 पैसे.

इथे वर्ग गप्प होतो. ते 20 पैसे पाहिल्यावर मुलांना कळतं की निकालात मोठ्या तत्त्वाबरोबर हिशोबही असतो, आणि त्या हिशोबावर एका म्हातारीचा महिना चालायचा असतो. मग 23 एप्रिल 1985 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखाली पाच न्यायाधीशांनी नवऱ्याचं अपील फेटाळलं आणि अपिलाचा खर्च म्हणून 10,000 रुपये शाहबानोंना द्यायला लावले. 1986 मध्ये संसदेने मुस्लिम घटस्फोटितांसाठी वेगळा कायदा केला. 2001 मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात न्यायालयाने तो कायदा टिकवला, पण इद्दतच्या, म्हणजे तलाकनंतरच्या ठरावीक, काळातच पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद करावी लागेल असा त्याचा अर्थ लावला. हे डॅनियल लतिफी म्हणजे शाहबानोंचेच वकील. आणि 10 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की कलम 125 चा दरवाजा मुस्लिम घटस्फोटितेसाठीही उघडा आहे. एक अर्ज आणि त्याची शेहेचाळीस वर्षांची वाट. प्राध्यापिका ही वाट दाखवतात. त्यासाठी लागणारी शांत बैठक वकिलाकडे नसते.

पण दुसऱ्या दिवशी त्याच विषयावर वकिली करणारे सर येतात आणि विचारतात, "नवऱ्याची कमाई सिद्ध कशी करणार?" कोणाला सांगता येत नाही. मग ते 2020 च्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालाची गोष्ट काढतात. त्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात नवरा-बायको दोघांनाही आपल्या मिळकतीचं आणि देण्याचं शपथपत्र द्यावं लागतं. पगाराची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, घराचं भाडं, कर्जाचे हप्ते, म्हाताऱ्या आईवडिलांचा औषधखर्च. सर शपथपत्राचा नमुना वाटतात आणि भरायला लावतात. कोणत्या रकान्यात माणसं लपवालपवी करतात, तेही सांगतात. कायदा मुलांना आदल्या दिवशी समजला होता. तो वापरायचा कसा, हे त्या तासाला समजतं.

कॉलेज बघायला जाल तेव्हा नुसतं 'प्राध्यापक किती' विचारू नका. वकिली करणारे कोण येतात, किती दिवस येतात आणि येतात तेव्हा कागद हातात देतात की गाइड वाचून दाखवतात, हे तिथल्या मुलांना विचारा. एका वर्गात साठच विद्यार्थी असावेत असा नियम आहे. प्रत्यक्षात किती बसतात, तेही बघा. गर्दी जास्त म्हणून तक्रार करण्याची वेळ फार थोड्या कॉलेजांत येते. बहुतेक ठिकाणी बाकं रिकामी असतात, आणि ते जास्त काळजीचं आहे.

मूट कोर्ट, खरं कोर्ट आणि क्लिनिक

कायद्याच्या शिक्षणात चार विषय हाताने करून शिकायचे असतात: मसुदे लिहिणं, व्यावसायिक नीती, तडजोडीचे मार्ग आणि मूट कोर्ट व इंटर्नशिप. शेवटच्या विषयाचे 100 गुण असतात. त्यात तीन मूट कोर्टांचे 30, दोन खरे खटले बसून पाहायचे, एक दिवाणी आणि एक फौजदारी, त्याचे 30, पक्षकाराशी बोलणं आणि खटल्याची तयारी यांचे 30, आणि तोंडीचे 10.

मूट कोर्ट म्हणजे काल्पनिक खटला. गोष्ट दिलेली असते, बाजू वाटून दिलेली असते, लेखी निवेदन द्यायचं आणि उभं राहून बोलायचं. पालकांना ही वक्तृत्व स्पर्धा वाटते, पण वक्तृत्व इथे फारसं कामाला येत नाही. कॉलेज सुटल्यावर एखाद्या वर्गात चालणारी तालीम बघावी. समोर न्यायाधीश म्हणून बसलेली असते पाच-सहा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, दिवसभर कोर्ट करून काळ्या कोटातच आलेली. मुलगा पाठ केलेलं भाषण सुरू करतो. दुसऱ्याच वाक्याला ती अडवते, "हा मुद्दा राहू दे, अधिकारक्षेत्राचं काय?" तो पुन्हा भाषणावर येतो. ती पुन्हा विचारते. तो निकालाचं नाव घेतो, ती म्हणते, "परिच्छेद?" परिच्छेद माहीत नसतो. शेवटी ती सांगते, "माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, उद्या सांगतो म्हण. कोर्ट खोटं लगेच ओळखतं, आणि एकदा ओळखलं की वर्षानुवर्षं विसरत नाही." ही शिकवण कोणत्याही पुस्तकात सापडेल, पण दिवसभर तेच करून आलेल्या ताईच्या तोंडून आली की मुलगा घरी जाऊन परिच्छेद शोधतो.

माजी विद्यार्थ्यांनी कॉलेजला द्यायची देणगी हीच. संध्याकाळचा दीड तास.

खटला बसून पाहणं हा भाग अनेक जण दुसऱ्याची डायरी उतरवून उरकतात. फार वाईट वाटतं, कारण इंदूरसारखी सोय सगळीकडे नाही. जिल्हा न्यायालय शहरात आहे आणि उच्च न्यायालयाचं खंडपीठही शहरात आहे. मध्य भारत राज्य होतं तेव्हा उच्च न्यायालय ग्वाल्हेरला आणि इंदूरला त्याचं खंडपीठ होतं. 1956 मध्ये नवं मध्य प्रदेश झालं, मुख्य पीठ जबलपूरला गेलं, पण इंदूर आणि ग्वाल्हेरची खंडपीठं राहिली. इंटर्नशिपच्या नियमात खालच्या कोर्टातल्या आणि अपिलाच्या कोर्टातल्या, दोन्ही प्रकारच्या वकिलांकडे काम करायला सांगितलं आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. इथल्या मुलाला त्यासाठी गाव सोडावं लागत नाही. सकाळी खालच्या कोर्टात साक्षीदार न आल्याने पुढची पेशी पडताना बघायची आणि दुपारनंतर खंडपीठात दोन वकिलांची कायद्याच्या एका मुद्द्यावरची बहस ऐकायची, हे एका दिवसात होऊ शकतं. ओळखीच्या वकिलाकडून नुसतं प्रमाणपत्र आणणारी मुलं हे सगळं हातचं घालवतात.

लीगल एड क्लिनिकबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण कॉलेजचा स्वभाव तिथे दिसतो. 42 व्या घटनादुरुस्तीने 1976 मध्ये अनुच्छेद 39-अ आला, त्यात मोफत कायदेशीर मदतीची जबाबदारी राज्यावर टाकली. त्यासाठी 1987 चा विधिक सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला. या कायद्यात लॉ कॉलेजांतल्या क्लिनिकचाही उल्लेख आहे. कलम 12 खाली कोणाला मोफत वकील मिळतो, हे तर प्रत्येक घरात माहीत असावं: स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग, कोठडीत असलेले, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेला कोणीही. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो, कारण 'आमचं उत्पन्न जास्त आहे, आम्हाला मिळणार नाही' असं समजून कितीतरी बायका मागे फिरतात. 15100 हा हेल्पलाइन क्रमांक देशभर चालतो.

क्लिनिकमध्ये प्रत्यक्षात काय होतं? जवळच्या वस्तीतली एखादी बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येते. त्यात विजेचं बिल, लग्नपत्रिका, पोलीस ठाण्यातल्या अर्जाची पोच, मुलीच्या शाळेची पावती, सगळं एकत्र असतं. तिसऱ्या वर्षाच्या मुलीने आधी कागद मागायचे नसतात, आधी ऐकायचं असतं. बाई गोष्ट मधूनच सुरू करते, मागे जाते, रडते, पुन्हा पुढे येते. त्यातून तारखा वेगळ्या काढायच्या, कागद तारखेप्रमाणे लावायचे, आणि ही पोटगीची गोष्ट आहे की घरगुती हिंसाचाराची की घराच्या हक्काची, हे शिक्षकांसमोर मांडायचं. विद्यार्थिनीला कोर्टात उभं राहता येत नाही. तिने देखरेखीखाली अर्जाचा कच्चा मसुदा करायचा आणि बाईला जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणापर्यंत सोबत न्यायचं. घरी मराठी, बाईशी माळवी-हिंदी, अर्ज कोर्टाच्या हिंदीत, आणि आधाराचा निकाल इंग्रजीत. इंदूरची मराठी मुलं हे चारही सहज सांभाळतात, आणि ही त्यांची मोठी ताकद आहे.

बॅनर लावून वर्षातून एकदा शिबिर घेणं आणि फोटो काढणं याला मी क्लिनिक म्हणत नाही. आठवड्यातले ठरलेले दोन वार, ठरलेली वेळ, एक टेबल, एक नोंदवही, आणि वहीत जुन्या माणसांच्या पुढच्या तारखांची नोंद. कॉलेज बघायला गेलात तर ती वही दाखवा म्हणा.

माजी विद्यार्थी नेमके कशाला

भिंतीवर मोठ्यांची नावं असतात आणि असावीत. चिपळूणहून सून म्हणून इंदूरला आलेल्या सुमित्राताई महाजन यांनी इथल्या विद्यापीठातून एम.ए. आणि एलएल.बी. केलं, आठ वेळा इंदूरच्या खासदार झाल्या आणि 2014 ते 2019 लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. कायद्याची पदवी फक्त कोर्टासाठी नसते, हे त्यांच्याकडे बघून कळतं. विष्णू सदाशिव कोकजे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, पुढे हिमाचल प्रदेशचे राज्यपाल. इथल्या मराठी घरांना अशा नावांचा अभिमान वाटतो, तो रास्त आहे.

पण पहिल्या वर्षाच्या मुलाला राज्यपाल फोन उचलून सांगणार नाहीत की वकालतनाम्यावर कोणता स्टॅम्प लावायचा. त्याला हवा असतो पाच वर्षांपूर्वी पास झालेला दादा. नकल शाखेत, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या प्रती देणाऱ्या शाखेत, अर्ज कधी द्यायचा, कोणत्या सीनियरकडे खरंच काम शिकायला मिळतं आणि कोणाकडे फक्त फायली वाहाव्या लागतात, पहिल्या वर्षी खर्च कसा भागवायचा, हे तोच सांगू शकतो. स्नेहसंमेलनात व्यासपीठावर शाल-श्रीफळ घेणारे आणि खाली बसून पोरांना आपला नंबर देणारे, यांतले दुसरे कॉलेजच्या जास्त कामाचे आहेत.

मुलींच्या आईवडिलांना आणखी एक काळजी असते, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. चेंबरचं, म्हणजे सीनियरच्या ऑफिसातलं, काम संध्याकाळी सुरू होतं आणि रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत चालतं. सीनियर कसे आहेत, चेंबरमध्ये आणखी कोणी मुली आहेत का, परत येताना सोबत आहे का, हे विचारायला आधीच्या बॅचची ताई लागते. कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं सूचना फलकावर आहेत का, तेवढं बघून घ्यावं. भारतात स्त्रियांना वकिली करण्याचा हक्क कायद्याने मिळाला तो 1923 मध्ये. शंभर वर्षं झाली, तरी कोणाच्या चेंबरमध्ये मुलीने निर्धास्त बसावं हे अजून एकमेकींना विचारूनच कळतं.

पदवी हातात आल्यावर ही माणसं आणखी लागतात. नाव नोंदवायचं जबलपूरच्या राज्य बार कौन्सिलकडे. पूर्वी निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेतले जायचे. 30 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 125 रुपये. मग दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची. तिला कायद्याची मूळ पुस्तकं सोबत नेता येतात, त्यावर टिपा लिहिलेल्या नसाव्यात. ज्युनियरला महिन्याला शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये केली. ती फक्त शिफारस आहे, सक्ती नाही, आणि पुष्कळ ज्युनियर अजून येण्याजाण्याच्या खर्चापुरत्या पैशांवर काढतात. याचा भार गरीब घरातल्या मुलांवर जास्त पडतो. सीनियर झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या चेंबरपासून हे बदलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

न्यायाधीशाच्या परीक्षेचंही असंच. पूर्वी भंवरकुआ भागातल्या कोचिंग क्लासमध्ये बसून, कोर्टाची पायरी न चढता अनेकांना परीक्षा देता यायची. 20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पदासाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. तीन वर्षं काम केलं हे प्रमाणपत्र प्रमुख न्यायालयीन अधिकाऱ्याने द्यायचं, नाहीतर किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाने द्यायचं आणि त्यावर त्या अधिकाऱ्याची मान्यता घ्यायची. घरात वकील नसलेल्या मुलीला न्यायाधीश व्हायचं असेल, तर आता तिला आधी एक चांगला सीनियर शोधावा लागेल.

हे देणं एकाच बाजूने चालतं असं मात्र नाही. 1 जुलै 2024 पासून जुनी दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. खुनाचं 302 आता 103 झालं, फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये गेलं, पोटगीचं 125 झालं 144. अटकपूर्व जामीन 438 खाली मागायचे, तो आता 482 खाली मागायचा, आणि जुन्या संहितेत 482 होतं उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचं, जे आता 528 मध्ये आहे. तीस वर्षं जिभेवर बसलेले आकडे बदलताना भल्याभल्यांची तारांबळ उडाली. त्यात 1 जुलैच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंडसंहिता लागते, म्हणजे दोन्ही लक्षात ठेवायचं. अशा वेळी चौथ्या वर्षाच्या मुलाने जुन्या-नव्या कलमांचा तक्ता करून दिला तर सीनियर तो टेबलाच्या काचेखाली ठेवतात. तक्ता करणाऱ्याचं नाव त्यांच्या लक्षात राहतं, आणि पुढच्या वेळी छोटा मसुदा त्याच्याकडे येतो.

ज्यांची ॲडमिशन आधीच झाली आहे आणि कॉलेजात यातलं काहीच नाही, त्यांनी काय करायचं? तिथेही वाट आहे. राष्ट्रीय लोक अदालत ठरलेल्या दिवशी भरते; दिवसभर जाऊन बसावं. तडजोड कशी होते, अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी किती पुढे येते, तडजोड झाली की अपील का नसतं आणि कोर्ट फी परत कशी मिळते, हे सगळं एका दिवसात दिसतं. विधिक सेवा प्राधिकरणाकडे पॅरालीगल, म्हणजे लोकांना कायदेशीर मदत मिळवून देणारा, स्वयंसेवक म्हणून नाव देता येतं. आणि आपल्याच कॉलेजातून आधी पास झालेल्या, आपल्याला आवडणाऱ्या विषयात काम करणाऱ्या एका वकिलांना पत्र लिहावं. लांबलचक नको. आपण कोण, कोणत्या वर्षाला आहोत, त्यांचा कोणता खटला ऐकला आणि त्यातलं काय समजलं नाही, एवढं पुरे. भेटायला कोर्टाच्या सुट्टीतला शनिवार मागावा, कामाचा सोमवार नव्हे. सोबत स्वतः लिहिलेलं मूट कोर्टाचं निवेदन जोडावं. गुणपत्रिका त्यांनी मागितली तर द्यावी.